दुपारी लिहिलेलं अर्धं वाक्य

सांगलीतल्या एका अर्धसाप्ताहिकात मी पाच वर्षं नोकरी केली. बातम्या लिहिणं, मुद्रितं तपासणं आणि कचेरीबाहेरचा फळा लिहिणं, अशी तीन कामं माझ्याकडे होती. गावात लोक मला ओळखायचे ते फळ्यामुळे. युद्ध चालू होतं. कागदावर नियंत्रण होतं आणि आठवड्यातून दोनदा चार पानं काढायची म्हटली तरी मारामार व्हायची. म्हणून संपादकांनी दाराशेजारच्या भिंतीवर शाळेतल्यासारखा मोठा काळा फळा ठोकून घेतला होता. दुपारी बारा वाजता आणि संध्याकाळी सहा वाजता मी त्यावर खडूनं ताज्या बातम्या लिहायचो. आठ ओळी मावायच्या. माझं अक्षर चांगलं होतं आणि त्याचा मला गर्व होता.

फळ्याचा एक दंडक होता. दुपारच्या आठ ओळींत एक तरी ओळ अशी पाहिजे की वाचणारा संध्याकाळी परत आला पाहिजे. तिच्या शेवटी लिहायचं, ‘सविस्तर सायंकाळच्या फलकावर’. संपादक म्हणायचे, “सगळं दुपारीच वाढून मोकळा झालास तर संध्याकाळी इथं कोण फिरकणार आहे?” माणूस वाईट नव्हता. बेचाळीसनंतर आमच्या सातारा जिल्ह्यात जे चाललं होतं ते घरोघरी बोललं जायचं आणि छापायची सोय नव्हती. एकदा दोन ओळी जास्त गेल्या म्हणून पोलिसांनी त्यांना बोलावून दम भरला होता. तेव्हापासून त्यांना अशा बातमीची भूक होती जी कितीही लिहिली तरी सरकारला काही वाटणार नाही.

तशी बातमी पुढच्या वर्षी आम्हाला मिळाली.

कोरेगावकडचा एक पैलवान तेव्हा फार गाजत होता. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, घरी जमीन, दोन भाऊ पलटणीत. त्याची पाठ मातीला लागलेली कुणी पाहिली नव्हती. तासगावच्या बाजूची एक जत्रा करून तो सर्व्हिस मोटारीनं सांगलीकडे येत होता. पेट्रोल मिळत नसल्यामुळे मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या आणि चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची वहिवाट होती. त्या दिवशी चढावर सगळे उतरले, तेव्हा हा म्हणाला, “तुमी समदी व्हा बाजूला.” आणि एकट्यानं मागून खांदा लावला. लोक टाळ्या वाजवायला लागले. मोटार दहा-वीस पावलं वर चढली, मग इंजिन बंद पडलं आणि ती मागं आली. त्याचा डावा पाय चाकाखाली सापडला. नडगीची दोन्ही हाडं मोडली, एक तर कातडीबाहेर आलं.

मिरजेच्या एका दवाखान्यात त्याला नेलं. मी सायकलवर जाऊन चौकशी करून आलो आणि फळ्यावर लिहिलं, ‘कुस्तीत कुणाला न हरलेला पैलवान मोटारीला हरला’. संपादकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. संध्याकाळी फळ्यापुढे एवढी माणसं जमली की टांगे वळेनात.

त्यानंतरचे दिवस आठवले की आजही मला स्वतःची शिसारी येते. पैलवानानं काय खाल्लं, किती दूध प्यायला, कण्हला की नाही, उशा किती दिल्या, कुशीवर झोपता येतं का, सगळं आम्ही लिहिलं. मोटारीच्या ड्रायव्हरचं गाव शोधून काढून त्याच्या बायकोला विचारलं की तुला काय वाटतं. ती बिचारी दार लावून बसली, तर तेही लिहिलं. पुण्याच्या पत्रांनी आमच्यावरून उचललं, कोल्हापूरच्यांनी माणूस पाठवला, मग आम्हाला त्यांच्यापुढे राहणं भाग पडलं. एका दुपारी आठ ओळी भरल्या होत्या आणि मिरजेहून निरोप आला. मी बंगालातल्या उपासमारीची ओळ पुसली आणि तिथं लिहिलं, ‘पैलवानांनी आज दोन भाकरी खाल्ल्या’. कुणी तक्रार केली नाही.

आता आजारी माणसाला भेटायला जाण्याची आपल्याकडची रीत सर्वांना माहीत आहे. कानावर आलं आणि गेलं नाही तर माणुसकी राहत नाही. फळ्यामुळे आणि पत्रामुळे ते अख्ख्या मुलखाच्या कानावर गेलं. गाड्या जोडून लोक मिरजेला निघाले. कुणी कोंबडं, कुणी तुपाचा डबा, कुणी अंगारा. प्रत्येकजण खाटेपाशी जाणार, पाय बघणार आणि मोटार कशी मागं आली ते त्याच्याच तोंडून ऐकणार. पैलवान गडी रीतीचा. वडीलधारा आला की उठून बसायची धडपड करायचा, आणि पाय हलायचा. शेवटी डॉक्टरांनी भेटी बंद केल्या. नात्यातल्या एकाला दुपारी घटकाभर आत सोडायचे. आम्हा वार्ताहरांना मात्र रोज सकाळी नऊ वाजता व्हरांड्यात पाच मिनिटं द्यायचे, ती या अटीवर की लोकांनी येऊ नये असं आम्ही छापावं. आम्ही ते एकदा छापलं, शेवटच्या ओळीत.

नात्यातला म्हणून आत सोडलेला माणूस म्हणजे त्याचा वस्ताद. साठीचा, कान चेंगरून कळीसारखे झालेले, डोक्याला पांढरा पटका. आईबाप लहानपणी गेलेल्या या पोराला त्यानं आपल्या तालमीत वाढवलं होतं. सांगलीत ओळखीच्या एका तालमीत तो उतरला होता. रोज दुपारी मिरजेला जाण्याआधी तो फळ्यापाशी यायचा. त्याला वाचता येत नव्हतं. कुणीतरी वाचून दाखवायचं.

“आवं मास्तर,” तो मला म्हणायचा, “आज काय म्हंतोय आमचा गडी?”

“तुम्ही आता जाणारच आहात की वस्ताद, बघा डोळ्यांनी.”

“मला नुसता त्यो दिसतोय. आत काय चाललंय त्ये तुमच्या फळ्यावर दिसतंय. डॉक्टर माज्याशी बोलतोय कुठं? तुमच्याशी बोलतोय.”

एक टांगेवाला गर्दीतून ओरडला, “वस्ताद, परसाकडं किती येळा झाली त्ये बी इचारा! लिवलं असंल खाली कुठंतरी!”

लोक हसले. वस्तादही हसला. म्हणाला, “लिवू द्या की. झाल्याशी मतलब.” मीही हसलो होतो.

अकरावा दिवस असेल. सकाळी व्हरांड्यात डॉक्टर म्हणाले, “सूज आणखी चढली तर पाय काढावा लागेल, पण कालपासून ती उतरायला लागली आहे, तेव्हा तशी वेळ येणार नाही.” जसं बोलले तसं मी वहीत उतरून घेतलं आणि सायकल मारत सांगलीला आलो. चांगली बातमी घेऊन चाललोय असं मला वाटत होतं.

संपादकांनी वही वाचली. मग वाक्याच्या मध्यावर बोट ठेवलं.

“इथवर दुपारी. पुढचं संध्याकाळी.”

“लोक घाबरतील.”

“घाबरू देत. सहा तासांनी सुटतीलच ना! कोल्हापूरकर आज त्याच्या भाकऱ्या मोजत बसलेत. हे आपल्याकडे आहे.”

मी खडू घेतला आणि सगळ्यांत वर, दुप्पट मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘पैलवानांचा पाय कापावा लागणार? डॉक्टरांचे मत सायंकाळच्या फलकावर’. संपादकांनी वाक्य तोडायला सांगितलं होतं. प्रश्नचिन्ह मी घातलं. शब्दही माझे होते.

वस्ताद आला तेव्हा फळ्यापुढे पन्नासएक माणसं होती. कुणीतरी ती ओळ वाचून दाखवली. मी दारातच उभा होतो. तो गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आला.

“मास्तर, खरं हाय का ह्ये?”

मी म्हणालो, “संध्याकाळी कळेल, वस्ताद.”

“तुमी सकाळी जाऊन आलाय न्हवं? डॉक्टर काय म्हनला?”

“सहा वाजता लिहिणार आहे.”

“मला वाचता येत न्हाई. मला त्वांडानं सांगा. कापनार का न्हाई, येवढंच.”

पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. तिथं ‘नाही’ म्हटलं असतं तर संध्याकाळची ओळ त्याच क्षणी संपली असती. खिशातल्या वहीत उत्तर होतं. मी म्हणालो, “सहा वाजता या.”

माझ्या चेहऱ्यावरून त्यानं उलटाच अर्थ काढला असणार, की वाईट आहे म्हणून हा सांगत नाही. मग पटका सारखा करून तो मिरजेच्या रस्त्याला लागला. मी त्याला हाक मारली नाही.

ही गोष्ट आजवर मी एका माणसाखेरीज कुणाला सांगितलेली नाही. फळ्यावरची ओळ सगळ्या गावानं वाचली. त्यानं मला विचारलं ते पन्नास जणांनी ऐकलं. पण उत्तर तेव्हाच माझ्या खिशात होतं, हे त्यांतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

सहा वाजता मी उरलेलं अर्धं वाक्य लिहिलं. लोकांनी देवाचं नाव घेतलं, कुणी तिथंच नारळ फोडला. मी पटका शोधत होतो. दिसला नाही. मिरजेतच थांबला असेल असं स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर व्हरांड्यात आले ते संतापलेले. “जा, शोधा आता तुमच्या पैलवानाला,” म्हणाले. खाट रिकामी होती. आदल्या दुपारी डॉक्टर एका मोठ्या शस्त्रक्रियेत अडकलेले असताना वस्ताद आला होता. त्यानं परिचारिकेला विचारलं, तर ती म्हणाली, डॉक्टरांना उद्या विचारा. तो उद्यापर्यंत थांबला नाही. बाहेर बैलगाडी ठरवली आणि पैलवानाला एवढंच म्हणाला, “चल.” शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं मला सांगितलं, “पोरगं येका सबदानं बोललं न्हाई बगा. कुठं, का, काय न्हाई. हात गळ्यात टाकला आन् गेलं.” तालमीत वस्तादाला का म्हणून विचारायची रीत नसते.

आम्ही फळ्यावर काय लिहिलं ते सांगायलाच पाहिजे. ‘पैलवान बेपत्ता’. गर्दी कधी नव्हती एवढी झाली.

मी चार दिवस सायकलवर फिरलो. संपादकांना वाटलं बातमीसाठी फिरतोय, म्हणून त्यांनी हरकत घेतली नाही. मला फक्त वस्तादाला ते अर्धं वाक्य सांगायचं होतं. चौथ्या दिवशी पत्ता लागला. मिरजेच्या पूर्वेला, जतच्या वाटेवर एका वाडीत एक हाडवैद्य होता. मेंढरं राखणारा माणूस. मेंढरांचे पाय बांधता बांधता माणसांचे बांधायला लागलेला. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायचा. नंतर त्यानं मला सांगितलं की तो आधी नको म्हणाला होता. म्हणाला, हाड बसवतो, पण जखम उघडी असली की ते माझ्या हातचं नसतं. वस्तादानं त्याच्या पायावर पटका ठेवला, तेव्हा त्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या.

हाडवैद्याच्या घराच्या दारात वस्ताद बसला होता. मला बघून काठी आडवी धरून उभा राहिला.

“परत लिवायला आलास व्हय रं?”

एरवी तो मला ‘तुमी’ म्हणायचा.

“नाही वस्ताद. पाय कापणार नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, सूज उतरतेय. तुम्ही गेल्यावर सहा वाजता मी लिहिलं ते.”

“तुला दुपारी ठावं हुतं?”

“होतं.”

“मग दुपारी का न्हाई सांगितलंस?”

काय सांगणार होतो? फळ्याचा दंडक?

“तवा सांगितलं न्हाईस. आता सांगतोयस. आता तरी खरं बोलतोयस कशावरनं? तुला फोटू पायजे असंल.” त्यानं काठी खाली घेतली नाही. आतून कण्हण्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, अंगात ताप आहे का ते तरी बघा, बोटांचा रंग बघा, माझं ऐकू नका, पण गाडी जोडा. तो म्हणाला, “जा गड्या. जा हितनं. तू हाईस तवर मी दार उगडनार न्हाई.” मी तिथं उभा असेपर्यंत दार उघडणार नव्हतं, म्हणून मी निघालो. ओढ्यापाशी जाऊन बसलो. परत जावं की नाही ते ठरवता ठरवता दुपार टळली. मग सांगलीला आलो.

दोन दिवसांनी वस्तादानं आपणहून त्याला मिरजेला आणलं. बोटं काळी पडली होती. डॉक्टरांनी त्याच दिवशी पाय गुडघ्याच्या वर कापला.

संपादक कचेरीत आले आणि म्हणाले, “आपण पहिल्यांदा सांगितलं होतं की नाही, पाय कापणार म्हणून?” त्यांना खरंच तसं वाटत होतं. मधला भाग ते विसरून गेले होते, वाचकही विसरले होते. पुढच्या अंकासाठी त्यांनी मला अडाणीपणावर दीड रकाना लिहायला सांगितला आणि मी तो लिहिला. नोकरी होती, सातारला आईवडील होते, लग्न नुकतंच झालं होतं. ही कारणं खरी आहेत, पण तो मी एका बैठकीत, खाडाखोड न करता लिहिला हेही खरं आहे. त्यात मी लिहिलं, ‘एका अशिक्षित वस्तादाच्या आडमुठेपणाने महाराष्ट्राने एक मल्ल गमावला’. ते वाक्य पुण्याच्या दोन पत्रांनी जसंच्या तसं घेतलं.

वर्षभरात त्या वस्तादाची तालीम ओस पडली. लोकांनी आपापली पोरं काढून नेली. कोरेगावच्या बाजारात त्याला लोक वाट सोडून द्यायचे, मानानं नव्हे.

मी ती नोकरी सोडली. सातारला शाळेत लागलो. स्वातंत्र्य आलं. त्याच्या पुढच्या वर्षी मी धीर केला, सगळी हकीकत दोन ताव कागदावर लिहिली, खाली सही केली आणि पैलवानाच्या गावी गेलो. आधी वस्तादाचं घर विचारलं. तो सहा महिन्यांपूर्वी वारला होता. तालीम मात्र उघडी होती. चार पोरं मातीत झोंबत होती आणि हौद्याच्या कडेला कुबडी टेकून पैलवान बसला होता, तोंडानं डाव सांगत.

मी ओळख दिली. त्यानं पोरांना “चालू द्या रं” म्हटलं आणि मला शेजारी बसायला जागा केली. मी कागद वाचून दाखवला. मध्ये तो एकदा पोरांवर ओरडला, “मान खाली घे, मान!” बाकी ऐकत राहिला.

“वस्तादांनी सांगितलं हुतं मला,” तो म्हणाला.

“काय?”

“की मास्तरला ठावं हुतं, आन् त्यो बोलला न्हाई. वाडीवरनं परतताना गाडीत सांगितलं.”

“मग त्यांनी ते कुणाला सांगितलं का नाही? सगळं स्वतःवर घेऊन बसले.”

“कुनाला सांगायचं? सांगायचं म्हंजी पुन्ना तुमच्यातल्याच कुनाला तरी घरी बोलवायचं.”

मी म्हणालो, हे मी छापून आणतो. माझ्या नावानं. वस्तादांवरचा डाग जाईल.

तो हसला. “डाग जाईल का न्हाई म्हाईत न्हाई. मानसं मातूर येत्याली. पयली माजा पाय बगाय आली, आता नसलेला बगाय येत्याली. वस्तादांची म्हातारी हाय अजून. तिच्या दारात जात्याली, म्हंत्याली, तुला काय वाटतं, सांग.”

मला ड्रायव्हरची बायको आठवली. मी तिला हेच विचारलं होतं.

“तुमाला मोकळं व्हायाचंय, मास्तर. व्हा. पर आमचं नाव घालू नगा. माजं न्हाई, त्यांचं न्हाई, गावाचं न्हाई. आमी मेल्यावर बी न्हाई. आन घ्या.”

मी शपथ घेतली. दुसरं काय करणार होतो? ते दोन ताव त्याच्याच पुढे फाडले. त्यानं मला दूध दिलं आणि कुबडीवर उठून तालमीच्या दारापर्यंत पोचवायला आला. मी नको नको म्हणत होतो.

तो जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. वस्तादांची बायको त्याच्या आधीच गेली. माझं वय सत्त्याऐंशी आहे आणि ज्याच्यापासून काही लपवावं असं आता कुणी उरलेलं नाही. नावं गाळून हे लिहितोय, कारण शब्द दिलेला आहे. पण नावं गाळून लिहिलेल्याचा वस्तादांना उपयोग काय, ते मला कळत नाही. हे वाचून कुणालाही समजणार नाही की कुणाबद्दलचं मत बदलायचं आहे.

गेल्या वर्षी साताऱ्यातल्या एका कार्यक्रमात मला कुस्तीवरची एक स्मरणिका भेट मिळाली. तरुण मुलांनी मेहनतीनं काढलेली आहे, जुन्या मल्लांची माहिती गोळा केली आहे. त्यात त्या पैलवानावर अर्धं पान आहे, नावासकट, फोटोसकट. वस्तादांचंही नाव आहे. शेवटी लिहिलंय की एका अशिक्षित वस्तादाच्या आडमुठेपणानं महाराष्ट्रानं एक मल्ल गमावला. संपादक मंडळातला एक मुलगा तिथंच होता. मी त्याला बाजूला बोलावलं आणि हे कुठून घेतलं म्हणून विचारलं. तो म्हणाला, “आजोबा, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे.”

तो माझ्या पुढच्या शब्दाची वाट बघत आदबीनं उभा राहिला. मी त्याला छपाई सुरेख झालीय म्हणून सांगितलं.